हुरड्याचं पुढचं साल

नार्नूरला आम्ही राहिलो ते पाहुण्यासारखे. म्हणजे रेशनकार्ड तिथलं, मुलांची शाळा तिथली, दूधवाल्याशी भांडणंही तिथलीच. पण मुक्काम तात्पुरता, असं माझं ठाम मत. मी सरकारी कचेरीत कारकून. वांकिडीला तबादला मिळावा म्हणून माझी अर्जी वर गेलेली, आणि हुकूम आज येतो की उद्या, अशा तोऱ्यात मी वावरायचो. घरात भिंतीला खिळा ठोकू देत नसे. कशाला? इथं काय जन्म काढायचाय? त्यामुळे आमचं कॅलेंडर कपाटावर भिंतीला टेकून उभं असायचं आणि पंखा लावला की तोंडावर पडायचं. बायको ते उचलून पुन्हा उभं करायची आणि कॅलेंडरलाच समजावायची, की बापा, थोडी कळ काढ, साहेबांचा हुकूम येऊन राह्यला.

वांकिडीच कशाला हवं होतं? तर तिथून कोसभरावरच्या खेड्यात माझी थोरली ताई दिलेली. आई लवकर गेली, मला वाढवलं ते ताईनंच. भाऊजींचं शेत काळ्या मातीचं, त्यात ज्वारी आणि कापूस. दर हिवाळ्यात ताईचा निरोप यायचा, कधी बाजाराला आलेल्या माणसाकडून, कधी बसच्या कंडक्टरकडून: हुरडा आला, ये. हुरड्याचं गणित साधं असतं. कणसातला दाणा दुधावर असतो तोवरच तो भाजून खायचा. थोडे दिवस गेले की दाणा कडक होतो, मग ती नुसती ज्वारी. तो काही माझ्या सवडीनं थांबणार नव्हता, हे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला कुणी शिकवायला नको होतं.

आणि मी काय करायचो? त्याच कंडक्टरकडून उलट निरोप धाडायचो, पुढच्या साली पक्कं.

कारणांना तोटा नव्हता. एका वर्षी कचेरीत तपासणी. एका वर्षी धाकटीला गोवर, हे मात्र खरं होतं. एका वर्षी केरामेरीच्या घाटात थंडी फार, जणू घाट मी चालत चढणार होतो. एका वर्षी काहीच सापडेना, तेव्हा पोट दुखतंय म्हटलं, आणि संध्याकाळी बाजारात मिरचीभजी खाताना बायकोला सापडलो. तिनं माझ्याच पुड्यातली दोन भजी उचलली आणि पुढे गेली.

खरं म्हणजे असं बसा बदलत, धुळीनं माखून, एका दिवसापुरतं जायचंच नव्हतं मला. मला जायचं होतं थाटात. तबादला होणार, मी स्कूटर घेणार, मग दर रविवारी ताईच्या बांधावर हुरडा भाजायला आर पेटणार, मुलं शेतात हुंदडणार, मी भाऊजींशी पावसापाण्याच्या गप्पा मारणार. मनातल्या मनात मी इतका हुरडा खाल्ला होता, की खरा खायची निकडच उरली नव्हती.

एकदा ताईच नार्नूरला आली. कॅलेंडर पडताना तिनं पाहिलं, खिळ्याची कथा ऐकली. मग मला विचारलं, "भाऊ, तू काऊन येत नाहीस रे? आमचं घर लहान झालं का तुले?" मी तिला तबादल्याचं सगळं समजावून सांगितलं. कुणाची अर्जी माझ्यापुढे आहे, कुणाचा वशिला कुठवर पोचलाय, सगळं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की हुकूम नाहीच आला तर? मी चिडलो. म्हटलं, असं अभद्र बोलू नको.

आणि आला की हो हुकूम! वांकिडीला रुजू झालो. जुनी का होईना, स्कूटर घेतली. पौषात एका रविवारी बायकोनं लसणाची चटणी कुटून दिली, मी गूळ घेतला, शेव घेतली आणि निघालो. त्या साली ताईचा निरोप आला नव्हता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आता मी इतका जवळ आलोय, निरोप कशाला धाडील ती?

शेताशी पोचलो तर बांधापासून बांधापर्यंत कापूस. पांढराशुभ्र. ज्वारीचं एक ताट औषधाला नव्हतं. ताई ओटी बांधून कापूस वेचत होती. भाऊजी बांधावर भेटले, त्यांच्याकडूनच सगळं कळलं. ज्वारी त्यांनी कधीचीच सोडली होती, सगळ्या शिवारात कापूसच. पण ताई हट्टानं बांधालगतचे चार तास, म्हणजे चार ओळी, ज्वारीला ठेवायला लावायची, भाऊ येईल म्हणून. बाकी कुठं कणीस नाही, तेव्हा गावातले सगळे पोपट त्या चार तासांवर तुटून पडायचे. दिवसभर डबा वाजवत ती राखण करायची. मी नाही आलो की हुरडा शेजारीपाजारी वाटून टाकायची. यंदा भाऊजींनी आपण होऊन विचारलं, तर तीच नको म्हणाली.

मी ताईजवळ जाऊन उभा राहिलो. कापसावरचे हात न थांबवता ती म्हणाली, "थकली मी, भाऊ. तू नाही आला. पाखरं मातर दरसाली आली."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. लाज वाटली, तिथंच मटकन बसून रडावंसं वाटलं. आणि एवढं सगळं होऊन माझ्या तोंडून निघालं काय?

"पुढच्या साली पेर ताई. मी नक्की येतो."

ताईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग ती हसत सुटली, डोळ्यांना पदर लावेस्तोवर हसली. "पाहू," ती म्हणाली, "पुढच्या साली."

मग तिनं ओटी सोडली, पिशवी माझ्या हातातून घेतली आणि आम्ही तिघं बांधावर बसलो. शेव तिला फार आवडली. गुळाबरोबर खाल्ली, चटणीबरोबर खाल्ली, कुठून आणली विचारलं. हुरडा असता तर, असं मी म्हणणारच होतो. शब्द ओठांवर आले होते. मी तोंडात शेवेचा मोठा बोकणा भरला.