अस्वलाच्या वाटेवरची घंटा

नागोयात शिकत होतो तेव्हा माझं पोट दोघांच्या भरवशावर चालायचं: स्कॉलरशिप आणि वहिनी. स्कॉलरशिप महिन्यातून एकदा यायची, वहिनी दर रविवारी जेवायला बोलवायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे दादा, मोटारींच्या कंपनीत ब्रेकचे इंजिनिअर. पुण्याहून तीन वर्षांच्या पोस्टिंगवर आलेले. ब्रेकचं काम त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येतानासुद्धा ते दारात थांबून दोन्हीकडे बघत.

त्या तीन वर्षांत वहिनींनी पाहिलेला जपान म्हणजे सुपरमार्केट, वॉर्ड ऑफिस आणि वेगवेगळ्या वारांच्या कचऱ्याच्या पिशव्या. पोस्टिंग संपत आलं, सामान बोटीनं रवाना झालं, तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली. शेजारच्या आजी त्यांना जपानच्याच आल्प्स डोंगरांतल्या एका तळ्याबद्दल सांगायच्या. कामिकोची नावाच्या दरीत नदीकाठानं तासभर चाललं की लागतं, आणि पाणी असं की तळाला गेलेलं पान हवेत लटकल्यासारखं दिसतं.

"ते तळं बघितल्याशिवाय मी विमानात पाय ठेवायची नाही," वहिनी म्हणाल्या. विमान गुरुवारचं होतं.

शनिवारी सकाळी निघालो. दादा, वहिनी, मी आणि सेंदाईहून रात्रभर बसमध्ये अवघडून आलेला माझा मित्र. तोही विद्यार्थी, म्हणजे तोही उपाशी. वहिनींनी दशम्या इतक्या केल्या होत्या की गाडी मागून बसली आणि दिवे थेट आभाळाकडे लागले. वाटेत दोन विमानं आम्हाला धावपट्टी समजून खाली वाकली.

वहिनींच्या मांडीवर एक स्टीलचा डबा होता. गाडीत बसल्यापासून त्यांनी तो सोडला नव्हता.

"वहिनी, लाडू का?" मित्रानं आशेनं विचारलं.

"बाळकृष्ण."

"आं?"

"देव आहेत. दोन दिवस घरी पूजा कोण करणार, तू?"

दादांनी आरशातून आमच्याकडे पाहिलं. "नैवेद्य दाखवून घरीच ठेव म्हटलं होतं मी. बाकीचे देव बोटीनं जातात, हे एकटे कारनं."

रात्री ताकायामाला एका घरगुती सराईत उतरलो. सकाळी वहिनींनी चहाच्या वाडग्यात बाळकृष्णाला आंघोळ घातली आणि हळूच घंटा वाजवली. नाश्ता घेऊन आलेल्या मालकीणबाई काही न विचारता दाराबाहेर गुडघ्यांवर बसून राहिल्या. पूजा आटोपली तेव्हा आत आल्या आणि पहिला वाडगा देवापुढे ठेवला. मिसो सूप होतं, आंबवलेल्या सोयाबीनचं. वहिनी क्षणभर गोंधळल्या. त्यात माशाचा अर्क असतो हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी देवाला नुसता वास दाखवला आणि वाडगा मित्राला दिला.

कामिकोचीत खासगी गाड्यांना बंदी, म्हणून डोंगराखाली गाडी लावून बसनं वर गेलो. नदीच्या पाण्याच्या गारठ्याचं वर्णन मी करत नाही. मी त्यात हात बुडवला, तो मला मंगळवारी परत मिळाला.

लाकडी पुलापलीकडे वाट जंगलात शिरत होती. तिथंच पाटी. जपानी वाचणारा मी, त्यामुळे सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. या वाटेवर काल अस्वल दिसलं आहे, आवाज करत चाला, एवढंच लिहिलं होतं. पुढे जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिशवीला छोटी घंटा होती, अस्वलाला आपली चाहूल आधी लागावी म्हणून. मी दुकानात धावलो. घंटा संपल्या होत्या.

"परत फिरा," दादा म्हणाले.

"अहो, म्हातारी माणसंसुद्धा जातायत."

"त्यांच्याकडे घंटा आहे. सेफ्टी म्हणजे सेफ्टी."

वहिनी भांडल्या नाहीत. बाकावर बसल्या, डबा उघडला, रुमाल सोडला आणि पितळी घंटा हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"अगं, ती पूजेची आहे!"

"मग? देव आहेत बरोबर. त्यांना नको का अस्वलापासून सांभाळायला?"

"आणि आलंच तर?"

"तर लावा तुमचे ब्रेक," म्हणून वहिनी चालू लागल्या.

"आरती आहे समजून प्रसादाला यायचं ते," मित्र माझ्या कानात पुटपुटला. पण घंटेचा नाद असा घुमत होता की एक जपानी जोडपं आमच्या मागून, आमच्याच चालीनं यायला लागलं. थोड्या वेळानं दादांचाही पाय त्या ठेक्यावर पडू लागला.

अस्वल दिसलं. दिसलं म्हणजे दिसलंच. डबलडेकर बसएवढं, बांबूच्या झुडपात उभं. घंटा ऐकून त्यानं मान खाली घातली आणि आम्हाला वाट दिली. मित्र आजही म्हणतो, तो जळका ओंडका होता. त्याला चष्मा आहे, एवढंच मी सांगेन.

तळ्याच्या काठी छोटं देऊळ होतं. वहिनींनी घंटेचा लोलक मुठीत धरला, ती डब्यात ठेवली आणि पाण्याजवळ जाऊन बसल्या. पिवळी पानं तळाला पडली होती, त्यांच्यावरून मासे जात होते, माशांची सावली पानांवरून जात होती. समोरचा डोंगर पाण्यात उलटा. इथं मला वाढवून सांगायला काही सापडेना.

"फोटो काढतो तुझा," दादा म्हणाले.

"नको. फोटोतलं आईला दाखवीन, सासूबाईंना दाखवीन, सगळ्या सोसायटीला दाखवीन. हे मला बघू द्या."

दादा परतीच्या बसची वेळ बघायला दोनदा उठले, दोनदा परत आले. तिसऱ्यांदा उठलेच नाहीत.

"पहिल्या वर्षी आणायला हवं होतं तुला," ते म्हणाले.

वहिनींनी पाण्यावरची नजर काढली नाही. "हो," म्हणाल्या. "हवं होतं."

डोंगराची सावली अर्ध्या तळ्यावर आली तेव्हा वहिनी आपणहून उठल्या, साडीला लागलेलं गवत झटकलं आणि म्हणाल्या, "चला. आता बसते विमानात."