गिटारचं क्युरिंग

वर्कशॉपचं दार उघडलं आणि आधी वास आला. ओल्या गोणपाटाचा. नव्या बांधकामावरून जाताना येतो, तो. माझं वर्कशॉप म्हणजे गाझियाबादमधल्या आमच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटची मागची खोली. तिथे लाकडाचा, सरसाचा, फार तर चहाचा वास असतो. गोणपाटाचं तिथे काहीही काम नव्हतं.

टेबलावर, बरोबर मधोमध, एक गोणपाट पसरलेलं होतं. त्याच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. शेजारी प्लास्टिकचा मग. आणि खुर्चीत शेखकाका, समाधानाने बसलेले.

"हे काय आहे?"

"क्युरिंग," ते म्हणाले.

"कसलं क्युरिंग?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात ना मॅडम, लाकूड कोरडं पडता कामा नये. बिल्कुल पडू दिलं नाही. लाइट गेल्यापासून तीन वेळा पाणी मारलंय."

गोणपाटाखाली त्यांच्याच मुलीच्या गिटारची वरची फळी होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जे तोंडात आलं होतं ते वडीलधाऱ्या माणसाला बोलण्यासारखं नव्हतं.

शेखकाका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. मूळचे सोलापूरचे, पण नोकरीची बहुतेक वर्षं दिल्लीत गेलेली. नवीन काँक्रीट पटकन वाळलं तर तडकतं, म्हणून त्यावर ओली गोणपाटं टाकतात आणि दिवसातून चारदा पाणी मारतात. त्याला क्युरिंग म्हणतात. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांकडून ते करून घेतलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केलं, तेही माझ्या टेबलावर.

त्यांची मुलगी रुबिना आमच्याच सोसायटीत राहते, दोन टॉवर सोडून. शाळेत संगीत शिकवते, कॉन्ट्रॅक्टवर. जानेवारीत ई-रिक्षा उलटली आणि तिचं डावं मनगट मोडलं. आत प्लेट बसवली. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. गिटार वाजवताना डावा हात नेकभोवती, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याभोवती, गुंडाळावा लागतो आणि बोटांनी तारा दाबाव्या लागतात. बाजारातल्या गिटारच्या नेकवर तिची बोटं पाच मिनिटांत बधिर होत. प्रिन्सिपलनी स्पष्ट सांगितलं होतं की सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या दिवसापासून तिने गिटारचा वर्ग घ्यायचा, नाहीतर ते दुसरं कोणी बघतील.

म्हणून ती माझ्याकडे आली. मी वीस वर्षं आर्किटेक्ट लोकांना इमारतींची लाकडी मॉडेलं बनवून दिली. ते काम कॉम्प्युटरने खाल्लं, तेव्हापासून गिटार बनवते. वर्षाला चार, फार तर पाच. रुबिनासाठी मी आधी साध्या पाइनच्या चार नेक घासून तिच्या हातात दिल्या. तिसरी तिने धरली आणि सोडलीच नाही. नेक बारीक, लांबी थोडी कमी, तारा हलक्या. इथपर्यंत सगळं छान होतं.

मग शेखकाका रोज यायला लागले. साइट व्हिजिटला यावं तसे. खिशात टेप. "ड्रॉइंग कुठंय? त्यावर सही कोणाची?" एकदा तर फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवून म्हणाले, "मॅडम, लेव्हलमध्ये नाहीये." गिटारची वरची फळी मुद्दाम किंचित फुगीर ठेवतात. तारांचा ताण पेलायला ते लागतं. मी समजावलं. ते म्हणाले, "अच्छा, म्हणजे स्लोप दिलाय, पाणी काढायला."

मी हात जोडले.

आता माझी चूक. लाकूड हवेतलं पाणी पितं आणि सोडतं. प्यायलं की फुगतं, सोडलं की आकसतं. मेमध्ये इथली हवा इतकी कोरडी असते की पातळ फळी दुपारभरात तडकू शकते. म्हणून मी खोलीत एक छोटं मशीन चालू ठेवते, हवेत हलकी वाफ सोडणारं. दमटपणा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्ये राहिला की झालं. त्या दिवशी मला नेकच्या आत बसणारा लोखंडी रॉड करून घ्यायला फरीदाबादला जायचं होतं. किल्ली शेखकाकांकडे दिली. दुपारी त्यांचा फोन आला की लाइट गेलीय आणि मशीन बंद पडलंय. मी लेथच्या आवाजात ओरडले, "काका, लाकूड कोरडं पडता कामा नये! तेवढं बघा!" मला म्हणायचं होतं की दार-खिडक्या बंद ठेवा, फार तर कोपऱ्यात एक ओला टॉवेल वाळत घाला. तसं मी म्हटलं मात्र नाही.

गोणपाट उचललं. फळी भाजलेल्या पापडासारखी वर वळली होती. तिच्या पाठीला मी दोनच दिवसांपूर्वी पट्ट्या चिकटवल्या होत्या. या पट्ट्यांना ब्रेस म्हणतात. त्या फळीला आधार देतात आणि आवाजही घडवतात. मी त्या सरसाने चिकटवते, कारण पुढे कधी दुरुस्ती निघाली तर सरस ओल आणि उष्णता लागली की सुटतो. तो इथे सुटला. सातपैकी पाच ब्रेस निघून आले होते, एक अर्धा लोंबत होता. फळीचे दोन भाग मधोमध जोडलेले असतात. तो जोड वेगळ्या गमचा होता म्हणून टिकला. आणि पांढुरक्या लाकडावर गोणपाटाच्या विणीची तपकिरी नक्षी उमटली होती.

तेवढ्यात रुबिना आली. तिने टेबलाकडे पाहिलं, मगकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं.

"अब्बा, तुम्ही घरी जा."

"अगं, मॅडमनीच सांगितलं होतं की..."

"अब्बा. प्लीज."

ते उठले. दारात थांबून मला म्हणाले, "मॅडम, पाणी कमी पडलं म्हणून तडकलेले स्लॅब मी खूप पाहिलेत. जास्त पडलं म्हणून बिघडलेलं काही आजवर पाहिलं नव्हतं." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला राग धरून ठेवायला कष्ट पडले. पण मी तो धरून ठेवला.

"ताई, होईल का?" रुबिनाने विचारलं.

"माहीत नाही."

"नवीन फळी?"

"बाहेरून येते. ऑर्डर दिली तर यायला दोन महिने."

तिने डाव्या हाताची मूठ उघडली, मिटली, परत उघडली. ती हल्ली सारखी तसं करायची. शाळा उघडायला सहा आठवडे होते. प्रत्यक्षात माझ्याकडे तेवढेही नव्हते. जूनच्या शेवटाला इथली हवा दमट होते. दमट हवेत गिटारचा डबा, म्हणजे फळ्या जोडून होणारा पोकळ भाग, बंद केला तर फुगलेलं लाकूड आत अडकतं आणि हिवाळ्यात आकसून तडकतं. म्हणजे कोरड्या दिवसांतच सगळं उरकायचं.

दुसऱ्या दिवशी उरलेले ब्रेस काढले. आता फळी वाळवायची होती, पण हळूहळू. उन्हात ठेवली असती तर संपलंच. रीत अशी की सारख्या जाडीच्या पट्ट्या वर आणि खाली लावायच्या, म्हणजे हवा दोन्ही बाजूंनी खेळते, आणि वरून एक सपाट बोर्ड ठेवून वजन द्यायचं. वजन सगळीकडे सारखं हवं. मी पुस्तकांचे गठ्ठे लावून पाहिले. एक कोपरा दबला, दुसरा उचलला. तांदळाचा डबा ठेवला, तो मधेच बसला. नवरा संध्याकाळी घरी येऊन विचारतो, "आज भात नाही का?" मी डब्याकडे बोट दाखवलं. फोनवर रुबिनाला मात्र हे सगळं रडगाणं ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शेखकाका आणि सोसायटीच्या गार्डची सामानाची ट्रॉली. ट्रॉलीवर सहा काँक्रीटचे ठोकळे.

"काका, आता हे काय?" माझा आवाज जरा चढलाच.

"टेस्ट क्यूब. साइटवर काँक्रीट ओतताना थोडं साच्यात भरून ठेवतात. नंतर मशीनमध्ये दाबून ताकद बघतात. हे एक्स्ट्राचे. एका जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडून आणले."

"मला कशाला?"

"रुबी म्हणाली, तुम्हाला सारखं वजन पाहिजे. सहाही एका साच्यातले. एकेक आठ किलोच्या आसपास. फरक असला तर मूठभर." मग खालच्या आवाजात म्हणाले, "सुके आहेत, मॅडम. पूर्ण सुके. मी स्वतः चेक केलंय."

मला नकार द्यायचा होता. पण ठोकळ्यांच्या बाजू इतक्या सपाट होत्या की माझ्या हातांनी माझं न ऐकता एक उचलून बोर्डवर ठेवला. सहा ठोकळे बरोबर बसले. चारही कोपरे एकसारखे दबले. मी फक्त "ठीक आहे" म्हणाले. त्याहून जास्त म्हणायची माझी तयारी नव्हती.

पुढचे अकरा दिवस शेखकाकांनी मला छळलं. फळीतलं पाणी किती गेलं हे कळायला ती रोज तोलायची असते. वजन उतरायचं थांबलं की फळी वाळली. मी स्वयंपाकघरातला छोटा काटा आणला होता. ते सकाळी नऊला आणि दुपारी तीनला हजर. आकडा वहीत लिहायचे, सही करायचे, शेजारी माझी सही मागायचे.

"काका, माझी सही कशाला?"

"विटनेस पाहिजे."

"फळी माझी, काटा माझा, विटनेस पण मीच?"

"अच्छा, तर मग तुम्ही सही करा, मी विटनेस होतो."

मी सह्या केल्या. फळीला मात्र त्या अकरा दिवसांत त्यांनी बोटही लावलं नाही. हात पाठीमागे बांधूनच वाकून बघायचे.

बाराव्या दिवशी वजन स्थिर झालं. फळी जवळजवळ सरळ आली होती. प्रश्न डागांचा होता. रंध्याने आणि सँडपेपरने ते घासत गेले. डाग वाटला त्यापेक्षा खोल होता. तीन मिलिमीटरची फळी अडीचवर आली तेव्हा कुठे नक्षी दिसेनाशी झाली. एवढी पातळ फळी नेहमीच्या तारांखाली खचली असती. मी चिडून खाली बसले. मग लक्षात आलं की रुबिनाच्या मनगटासाठी आपण आधीच नेकची लांबी कमी केलीय आणि तारा हलक्या घेतल्यात. ताण निम्मा नाही, पण बराच कमी. ब्रेस किंचित उंच ठेवले तर पेलेल. पेलेल असं वाटलं. खात्री नव्हती.

ब्रेस परत चिकटवले, त्याच ठोकळ्यांच्या वजनाखाली. डबा बंद केला. नेक बसवली. दमट वारं सुटायच्या आधी चार दिवस हातात होते, तेवढ्यात पॉलिश उरकलं. त्या दिवसांत मी घरात कोणाशीच नीट बोलले नाही, असं नवरा म्हणतो. मला आठवत नाही.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी तारा चढवल्या. रुबिना आली, मागे शेखकाका. मी फळीवर पट्टी आडवी धरून बसले होते. ताण चढला तशी फळी केसभर उचलली आणि तिथेच थांबली. खचली नाही.

"शाळेचा पीरियड किती मिनिटांचा?" मी विचारलं.

"चाळीस."

"मग चाळीस मिनिटं वाजव."

पाचव्या मिनिटाला मी तिच्या बोटांकडे बघत होते. दहाव्यालाही. विसाव्या मिनिटाला ती थांबली, मनगट झटकलं. "काही नाही, जरा अवघडलं," म्हणत तिने परत सुरू केलं. आवाज माझ्या अंदाजापेक्षा भरदार होता. पातळ फळी मोकळी हलते, त्यामुळे. हे मी त्या खोलीत मोठ्याने बोलणार नव्हते. चाळीस मिनिटं झाली. तिने गिटार मांडीवर आडवी ठेवली, डाव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावून पाहिली आणि म्हणाली, "ताई, सगळी लागतायत." मग रडली. मलाही राहवलं नाही. शेखकाका भिंतीकडे तोंड करून तिथला दमटपणा मोजायचा हायग्रोमीटर वाचत होते.

वर्ग तिलाच मिळाला. अजून तिच्याकडेच आहे.

शेखकाका सोसायटीभर सांगतात की आवाज एवढा चांगला आला कारण वेळेवर क्युरिंग झालं होतं. दोन जणांनी मला खरंच विचारलं की मी लाकडाला किती दिवस पाणी मारते. मी आता वाद घालत नाही.

या सगळ्यातून मी एकच शिकले. माणसाला सूचना देण्याआधी त्याने आयुष्यभर काय काम केलंय, ते विचारून घ्यावं. माझ्या ऑर्डरच्या फॉर्मवर आता ग्राहकाच्या नावाखाली एक जादा ओळ आहे: घरातली मोठी माणसं आणि त्यांची नोकरी. गेल्या महिन्यात एकाचे वडील फायर ब्रिगेडमधून रिटायर झालेले निघाले. मी त्यांना चहा बाहेरच्या खोलीत दिला.