मिठागरावरची हाक
बरणीत खडेमीठ ओतताना तो ओला, खारट वास आला की मला तुर्भ्याजवळचं मिठागर आठवतं. तेव्हा इथे शहर नव्हतं. खाडी, बांध आणि उन्हात डोळे दिपवणारे मिठाचे पांढरे ढीग. घरच्यांनी मला मुलगा म्हणून वाढवलं होतं आणि मी मुलगी आहे हे माझं मलाच ठाऊक होतं. विशीत घर सोडलं, लुगडं नेसून या मिठागरावर काम मागायला आले आणि मुकादमाला वाटेत ठरवलेलं नाव सांगितलं, मंजुळा. त्याने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "बस बायांमदी. हाक मारीन तवा ये." थोड्या वेळाने तो ओरडला, "मंजुला!" कोण बरं ही, म्हणून मी मागे वळून पाहिलं. ते नाव आजवर कुणाच्या तोंडून ऐकलंच नव्हतं ना! शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं, "तुलाच हाक मारतंय गो!" तो पुन्हा ओरडला, "मंजुला!" या वेळी मला नीट ऐकू आलं होतं, तरी ते नाव आणखी एकदा ऐकायला मिळावं म्हणून मी मुद्दाम हलले नाही. तो चिडलाच. "बहिरी बाय आमाला नको हां! ए मंजुला, कानान कापसाचं बोलं घातलंस का गो?" बाया खो खो हसल्या. मीही हसत उठले आणि मिठाची पहिली पाटी डोक्यावर घेतली. आता ऐंशी उलटली, कान अगदी शाबूत आहेत. पण अजूनही कुणी मला नावाने हाक मारली, तर पहिल्या हाकेला मी ओ देत नाही.