प्रोसेसर नुसता वाट बघत होता

परभणी-गंगाखेड रस्त्यावरच्या एका जिनिंग मिलमध्ये मी दोन वर्षं कॉम्प्युटरचं काम करतोय. पट्ट्यावरून सरकणाऱ्या कापसाचे कॅमेरा फोटो काढायचा, आमचा प्रोग्राम त्यात पन्नीचे, म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांचे, तुकडे शोधायचा आणि दिसला तुकडा की पट्टा थांबवायचा. ठरलं तरी तसं होतं. प्रत्यक्षात पन्नी पुढं निघून गेल्यावर पट्टा थांबे. तोवर पट्ट्याशी बसणाऱ्या मावशींनी ती हातानं वेचलेली असायची.

"सर, तुमचं यंत्र बघायलंय का इचार करायलंय?" त्या विचारायच्या.

मालकांनी पुण्याहून तज्ज्ञ बोलावले. प्रोग्राम त्यांच्याच कंपनीनं लिहिलेला, नंतर मी त्यात थोडी भर घातलेली. धूळ नको म्हणून नाकाला रुमाल लावून ते आत आले, स्क्रीनकडं बघितलं आणि चहा थंड व्हायच्या आत निदान सांगितलं, "प्रोसेसर शंभर टक्के बिझी आहे. मशीन दमलंय. नवीन घ्या."

शंभर टक्के बिझी असणं म्हणजे काम करणं नव्हे, हे तहसीलला एकदा खेटे घातलेल्या कुणालाही कळतं. तज्ज्ञांना कळलं नाही. त्यांनी प्रोग्राम उघडूनसुद्धा पाहिला नाही.

ते गेल्यावर मी प्रोसेसरलाच विचारलं. प्रोसेसरच्या पोटात मोजणी करणारे काउंटर असतात: किती सूचना पार पडल्या, जवळच्या छोट्या मेमरीत किती वेळा हवं ते सापडलं नाही आणि लांबच्या मेमरीकडं जावं लागलं. मी ते चालू केले. आकडे बघून हसू आलं. मशीन दमलं नव्हतं. बहुतेक वेळ ते लांबून माहिती येण्याची वाट बघत बसलेलं होतं.

कोणत्या ओळीमुळं, तेही काउंटरनं दाखवलं. फोटो मेमरीत आडव्या ओळींनी ठेवलेला असतो आणि प्रोग्राम तो उभा वाचत होता. म्हणजे रानातल्या एका तासातला, एका सरळ ओळीतला, कापूस वेचून पुढच्या तासात जायचं सोडून प्रत्येक तासातलं एकेक बोंड तोडत अख्खं रान तुडवायचं. कापसाच्या गावाला असला प्रोग्राम विकायचा, याला छाती लागते.

अशा दोन जागा निघाल्या. एक त्यांची होती. दुसरी माझी. त्यांचंच बघून, डोकं न लावता, मी तसंच लिहिलं होतं. आधी माझी गुपचूप दुरुस्त केली, मग त्यांची. पट्टा वेळेवर थांबायला लागला.

मालकांच्या केबिनमधून तज्ज्ञांना फोन लावला. स्पीकरवर आवाज आला, "काउंटर वगैरे कॉलेजात ठीक असतं हो. आम्ही अनुभवावर चालतो."

"अनुभव उभा वाचता की आडवा?" मी म्हणालो. मालक खुर्चीत मागं रेलून हसले.

फोन ठेवल्यावर मालकांनी विचारलं, "सगळी चूक त्यांचीच म्हणायची का मग?"

"त्यांचीच," मी म्हणालो.

आठवड्यानं नवीन मशीन आलंच. तज्ज्ञांच्या ओळखीच्या दुकानातून. मालक म्हणाले, "घेतो म्हणून शब्द दिला होता." ते त्यांच्या केबिनमध्ये असतं आणि त्याच्या स्क्रीनवर मालक पत्ते खेळतात. मालकांना मी हसतो खरा, पण तोंडावर नाही; दुसरी चूक माझी होती, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही.