देवघरातली तपकिरी कूज

पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या घरात देवघराचा तळ कुजला आणि सासूबाईंनी चोर पकडला. चोर म्हणजे मी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवर मी प्रयोगशाळेत काम करते, मग पुरावा कशाला हवा?

"तुझ्या ओढणीला लागून आली असणार," त्या म्हणाल्या. "सागवान काय आपोआप कुजतं?" रोज संध्याकाळी त्या दारातच माझी ओढणी चिमटीत धरून बादलीत टाकायच्या. माझं डोकं फिरायचं.

देवघर माझ्या वडिलांनी लग्नात दिलेलं. मांडवात पाहुण्यांना थोपटून दाखवलं होतं त्यांनी, "अस्सल सागवान!"

कुजका तुकडा निरखला आणि मी सुटले. माझी बुरशी लाकूड पांढरं, धागेदार करते. लाकडातलं चिवट लिग्निन तोडणाऱ्या विकरांच्या, म्हणजे एन्झाइमच्या, जनुकांची तिच्याकडे भावकीच आहे. एकाच मूळ जनुकाच्या प्रती होत गेल्या आणि प्रत्येकीने थोडं वेगळं काम धरलं. हा तुकडा मात्र तपकिरी होता, चौकोनी भेगांचा. अशी कूज करणाऱ्या बुरशीच्या पूर्वजांकडेही ती भावकी होती, पुढे गळत गेली. ही बुरशी लिग्निन बरंचसं तसंच ठेवून आतलं सेल्युलोज खाते. म्हणजे ही माझी नव्हेच.

पण तपकिरी कूज बहुतेकदा पाइनसारख्या लाकडावर येते. सागवानावर कशी? तुकड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. सागवानाच्या कापात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची भोकं दिसतात, इथे एकही नव्हतं. पाइनच होतं, वरून पॉलिश. बाबा काशीमीऱ्याला एका गोदामात कामाला होते आणि तिथे पाइनचे खोके रोज फुटायचे. तरी मी संशय देवघर घडवणाऱ्या सुतारावरच ढकलत होते.

बाबांना फोन लावला. "बाबा, देवघर सागवानाचंच होतं ना?"

 ते हळूच म्हणाले, "का गं? तिकडे कोण काय बोललं का?"

फसवला गेलेला माणूस आधी सुतारावर भडकला असता. "नाही, सहज विचारलं," म्हणून मी फोन ठेवला. त्यांचा राग आला, आणि मांडवात देवघर थोपटणारा तो हात आठवून रडूही आलं.

सासूबाई वाटच बघत होत्या. "काय निघालं तपासात?"

"माझीच बुरशी निघाली, आई."

"मला ठाऊकच होतं." मग त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "तुझ्या बाबांना मात्र सांगू नकोस हं. एवढं सागवान दिलं बिचाऱ्यांनी, वाईट वाटेल त्यांना."