ओटीची साडी

लेक पहिल्या बाळंतपणासाठी शिवाजी पेठेत आमच्याकडे आली आणि सातव्या महिन्यात तिचं चालणंच बंद पडलं. जांघेत आणि माकडहाडाजवळ अशी कळ यायची की कूस बदलतानाही ती ओठ चावायची. बाळ उत्तम आहे, फिजिओथेरपी घ्या, असं तिच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, काम सोपं झालं. मी यादी करून कामं उरकणारी बाई. लगेच फोन लावायला बसले. एका ठिकाणी गरोदर बाई घेतच नव्हते. दुसरीकडे बाळंतपण झाल्यावर यायला सांगितलं. तिसरीकडे तिला घेऊन गेले, तर डॉक्टरांची चिठ्ठी वाचूनही तो माणूस हात लावायला तयार होईना. काही झालं तर जबाबदारी कोणाची, एवढंच विचारत राहिला. माणसं वाईट नव्हती, घाबरलेली होती. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. अशानं मी बाळंत कशी होणार, असं लेकीनं विचारलं तेव्हा माझ्या यादीत खोडायला एकही नाव उरलं नव्हतं.

शुक्रवारी अंबाबाईची ओटी भरायला निघाले. मनात भक्तीपेक्षा तक्रारच जास्त होती. लेक हट्टानं रिक्षात बसली. पडून पडून वेड लागायची पाळी आली होती तिच्यावर. रांगेत मात्र तिचा पाय असा अडकला की पुढं येईना, मागं जाईना. मागून कुणी ओरडलं, "ओ ताई, सरका की!" लेक माझ्या खांद्यावर भार टाकून उभी होती.

तेवढ्यात मागची एक तरुण बाई पुढं आली. ती राधानगरीकडची, गावात स्वतःचा दवाखाना चालवणारी फिजिओथेरपिस्ट निघाली. रक्त गेलं का, डॉक्टर काय म्हणाले, हे तिनं आधी नीट विचारून घेतलं. मग माझ्या हातातल्या ओटीच्या ताटाकडं हात केला.

"मावशी, ती साडी द्या."

मी ताट मागं घेतलं. देवीच्या नावानं आणलेली, कोरी साडी.

"तिला साड्या काय कमी हाईत व्हय?" ती म्हणाली. "लेकीला उभी करू दे की आधी."

मी साडी दिली. तिनं तिची रुंद पट्टी केली, पोटाच्या खालून कमरेच्या हाडांवर घट्ट आवळली आणि लेकीला लहान पावलं टाकायला लावली. लेक चालली. हळू, पण भिंत न धरता.

वाटेत ती बाई सांगत होती की तिच्या स्वतःच्या गरोदरपणात तिच्याच बरोबर काम करणारे कुणी तिला हात लावीनात, म्हणून ती हे मुद्दाम शिकली. गाभाऱ्यासमोर मी ताटातले नुसते तांदूळ, खण आणि नारळ वाहिले. साडी लेकीच्या कमरेला होती.

पुढं तिच्याच उपचारांनी लेक बाळंतपणापर्यंत हिंडती-फिरती राहिली. बाळंतिणीला कसला व्यायाम, म्हणून माझ्या जाऊबाईंनी नाक मुरडलं, तरी सव्वा महिन्याच्या आतच ती बाई गावाहून आमच्या घरी येऊन लेकीकडून हळूहळू श्वासाचे व्यायाम करून घेऊ लागली. नात आता रांगते आहे.

रांगेत ती आमच्याच मागं कशी उभी होती, याचा मी उलगडा करत बसत नाही. आई अंबाबाईपुढं हात जोडते, डोळे भरून येतात. खटपट माझी अजून सुटलेली नाही, सुटणारही नाही. फक्त देवळात गेले की काय हवं तेवढं सांगते. ते कुणाच्या हातून, कसं द्यायचं, हे आता तिला सांगत नाही.