अक्कांचा अंगठा, माझी टाच

अक्का कुठेही बसायच्या आधी अंगठ्याला बसवायच्या. लग्नाचा मांडव असो, एसटी असो की देवळाची पायरी. आधी उजवा पाय पुढे करून आजूबाजूला बघायच्या. कुणाची चप्पल, कुणाचं पोर, कुणाची पिशवी वाटेत येत नाही ना, याची खात्री झाली की मग उरलेल्या अक्का हळूहळू खाली टेकायच्या. "सरका तिकडं, सायबाला धक्का लागल," असं त्या अनोळखी माणसालाही सांगायच्या. साहेब म्हणजे तो अंगठा. त्याच्या नखाची कड मांसात रुतून बसलेली, बाजू कायम लाल, सुजलेली. अक्का ब्लेडने कोपरा कोरून काढायच्या, थोडे दिवस बरं वाटायचं, आणि मग नख आणखी खोल शिरायचं.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आष्टीच्या बाजारपेठेत आमचं भांड्यांचं दुकान आणि वर घर. मी लातूरहून बी.ए. होऊन या घरात आले, तेव्हा घराच्या किल्ल्या त्यांच्या कमरेला होत्या. आमचं फारसं जमलं नाही. त्यांनी भाजी केली की मी मिठाला नाक मुरडायची, मी पडदे बदलले की त्या जुने कुठे टाकले ते विचारायच्या. जवळ आणलं ते दुखण्याने. चाळिशी उलटल्यावर माझी टाच धरली. सकाळी पहिला पाय खाली टेकला की आत खिळा शिरल्यासारखं व्हायचं. संध्याकाळी दुकानातली गर्दी ओसरली की अक्का गच्चीवर मिठाच्या गरम पाण्याचं घमेलं ठेवायच्या आणि दोघींचे पाय त्यात. घरातल्या सगळ्यांच्या चुगल्या त्या घमेल्यात व्हायच्या. "आपलं जमतंय ते पायापुरतं," त्या म्हणायच्या, "वरच्या अंगाचं काय खरं न्हाई."

एका उन्हाळ्यात साहेबाला पू झाला, अक्कांना ताप भरला, तेव्हा माझ्या मिस्टरांनी आम्हा दोघींना गाडीत घालून नगरला नेलं. तिथे फक्त पायांची दुखणी बघणाऱ्या एक डॉक्टर आल्या होत्या. तरुण मुलगी. अक्का माझ्या कानात पुटपुटल्या, "नुसत्या पायाची डाक्टर? बाकीचं शिकायला येळ मिळाला न्हाई का हिला?"

आधी औषधं देऊन पू घालवला. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी अंगठा बधिर केला, नखाची रुतलेली कड मुळापासून काढली आणि ती पट्टी पुन्हा उगवू नये म्हणून मुळाशी औषध लावलं. अक्कांनी डोळे मिटून माझं मनगट असं आवळलं होतं की बांगडी वाढली असती. "झालं," डॉक्टर म्हणाल्या. अक्कांनी डोळे उघडून ट्रेमधली ती बारीकशी चिरफळी बघितली. "एवढ्याशा ह्याच्यापायी मी उभा जलम लंगडले व्हय?"

मग माझी टाच. डॉक्टरांनी अंगठ्याने दाबली आणि मी ओरडले. तळव्यातला स्नायूबंध सुजला आहे, म्हणाल्या; पोटरी ताणायचे व्यायाम करा, घरातही मऊ चप्पल घाला, गार पाण्याची बाटली पायाखाली फिरवा. बरं वाटेल, पण वेळ लागेल, कदाचित बरेच महिने.

"डॉक्टर, माझंही काहीतरी कापा ना," मी म्हणाले.

"तुमच्यात कापण्यासारखं काही नाहीये."

गाडीत बसताना अक्का म्हणाल्या, "शोभे, तुझ्यात काढून टाकावं असं कायबी न्हाई म्हणती ती. चांगलंच हाय की." मला हसू आलं नाही.

जखम भरली आणि अक्का चालायला लागल्या. नुसत्या चालायला नाही, सुटल्याच. पुढून बंद असलेले बूट आणले. पहाटे शाळेच्या मैदानाला फेऱ्या. गच्चीवर पापड वाळवायला त्याच, खाली बाजाराला त्याच. आठवडी बाजार हे इतकी वर्षं माझं राज्य होतं; भाजीवाल्या मला ओळखायच्या. आता अक्का पिशव्या भरून जिना चढायच्या आणि वर येऊन मला म्हणायच्या, "तू बस गं, तुझा पाय दुखतोय." मी नेमाने पोटरी ताणत होते, बाटली फिरवत होते, आणि टाच होती तशीच होती. मिस्टर म्हणायचे, "वहिनी बघ कशा चालतात!" मी बघतच होते. त्यांच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला की मी मुद्दाम स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची. संध्याकाळी घमेल्यात माझेच दोन पाय असायचे आणि पाणी उगाच जास्त वाटायचं.

श्रावणात घरची सगळी कपिलधारला गेलो. धबधबा जोरात होता. पायऱ्या बघूनच मी वर बसून राहिले. अक्का मात्र पदर खोचून उतरल्या, धारेखाली उभ्या राहिल्या, आणि ओल्याचिंब होऊन हसत वर आल्या.

"शोभे, पाणी लई गार हाय गं!"

"मला कशाला सांगता?" माझा तोल गेला. "तुम्ही धावत खाली गेलात ते मला बघवलं नाही, अक्का. तुमचं बरं झालेलंच मला बघवत नाही."

बोलून गेले आणि जीभ चावली. अक्का रागावल्या नाहीत. पदर पिळत माझ्या शेजारी बसल्या. अंगठ्यासाठी जागा न बघता, सरळ.

"मला ठाव हाय ते कसं असतंय," त्या म्हणाल्या. "तू नवी आलीस तवा मामंजींनी दुकानाच्या पाटीवर काय लिवायचं ते तुला इचारलं. मी त्याच दुकानात किती वर्सं राबत होते, मला कुणी पाटी दाखवली बी न्हाई. तवापासनं जळतेय मी तुझ्यावर. आन् तू दोन महिन्यांत दमलीस व्हय?"

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? तू शिकलेली. मलाच समजावत बसली असतीस."

ते खरं होतं. त्या उठल्या आणि मला हात दिला. "आता तुझी पाळी हाय. जळ नीट. पण ती बाटली फिरवायची सोडू नको."

तेव्हापासून रोज संध्याकाळी त्या फ्रिजमधली बाटली घेऊन यायच्या, माझ्या पायाखाली सारायच्या आणि समोर स्टुलावर बसून हुकूम सोडायच्या, "दाब. अजून दाब. जीव हाय का न्हाई पायात?" माझं जळणं त्यामुळे कमी झालं असं मी म्हणणार नाही. त्यांचे ते निवांत, मोकळे पाय रोज समोर दिसायचे. पण आता आम्ही उघड जळत होतो, आणि त्याची एक वेगळीच मजा होती.

थंडीत एका बाजारच्या दिवशी, गिऱ्हाइकाला हंडा दाखवता दाखवता अक्का गादीवर टेकल्या आणि उठल्याच नाहीत. हृदय बंद पडलं. अखेरची आंघोळ घालताना त्यांचे पाय मी धुतले. अंगठ्याचं नख जरासं अरुंद झालेलं, पण स्वच्छ, गुलाबी. मी रडत होते, आणि रडता रडता मनात आलं, काय सुरेख बरा झाला हा!

ऊन तापायला लागलं त्या दिवसांतली गोष्ट. सकाळी उठले, चहाचं आधण ठेवलं, दूध तापवलं, आणि मग लक्षात आलं की टाच दुखलीच नाही. खात्री करायला मी जिना उतरून खाली दुकानापर्यंत गेले, पुन्हा वर आले. काही नाही. मिस्टरांना सांगितलं. "वा, छान झालं," म्हणाले आणि पेपराचं पान उलटलं. बाहेरगावी असलेल्या मुला-सुनेने फोनवर अभिनंदन केलं. सगळ्यांना खरंच आनंद झाला होता. त्यात कुणाच्याही पोटात जराही दुखलं नाही. माझ्या बरं होण्यावर जळणारं एकच माणूस या घरात होतं, आणि मी त्या रिकाम्या स्टुलासमोर माझा बरा झालेला पाय पुढे करून कितीतरी वेळ बसून राहिले.